पानांचा रंग आणि आपलं अंगण

प्रस्तावना

उल्हासनगरजवळच्या विठ्ठलवाडीला आमच्या बॅरकीच्या मागं बदामाचं एक झाड होतं. पौष सरत आला की त्याची पानं पिकायला लागत. आधी कडेला पिवळसर झाक दिसे, मग शिरांच्या मधल्या जागेत नारिंगी ठिपके उमटत, आणि चार-पाच दिवसांत सगळं पान डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होई. मधली शीर तेवढी शेवटपर्यंत पिवळी राही. वीतभर लांबीचं, चामड्यासारखं जाड असं ते पान पत्र्यावर पडलं की 'टप्' असा स्वच्छ आवाज यायचा. सकाळी शाळेत जायच्या आधी आम्ही मुलं त्यातली सगळ्यांत लाल पानं वेचून वहीत ठेवायचो. उरलेली शेजारची सिंधी चाची पोत्यात भरून न्यायची, तिच्या बंबाला ती आठवडाभर पुरायची. लोकल गाड्या, करवत-रंध्याचे आवाज, वालधुनी नदीचा वास आणि या सगळ्याच्या मधोमध पेटल्यासारखं उभं असलेलं ते झाड, असा माझा लहानपणीचा माघ महिना आहे.

तरीसुद्धा आपल्याकडे पानांना रंग चढत नाही, असंच मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. आमच्या घरातली माणसं अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला राहतात. दर ऑक्टोबरात त्यांच्याकडून फोटो यायचे, मेपलच्या रांगाच्या रांगा, शेंदरी, केशरी, किरमिजी. ते बघताना आपल्याला देवानं एक ऋतू कमी दिला, असं वाटायचं. एकदा त्यांच्याकडून मेपलचं बी मागवलं. ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं, कारण थंडी मिळाल्याशिवाय ते बी रुजत नाही. सहा रोपं उगवली. मार्चपर्यंत बरी होती. एप्रिलात पानांच्या कडा करपल्या, पावसाळ्यात मुळं कुजली, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत सहाही कुंड्या रिकाम्या झाल्या. त्या कुंड्यांतली माती उकरत असताना मान वर केली तर कुंपणापलीकडच्या आंब्याला नवी पालवी फुटलेली होती. जांभळट तांबडी, लुळी, नुकत्या न्हालेल्या बाळाच्या हातासारखी. ते झाड मी रोज बघत होते, त्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं. या पुस्तकाची सुरुवात तिथं झाली.

गोंधळ शब्दापासून सुरू होतो. 'ऑटम'ला आपण सरसकट 'शरद' म्हणतो. पण आपला शरद म्हणजे आश्विन आणि कार्तिक. त्या वेळी पाऊस नुकताच संपलेला असतो, आमच्या इथला टाहुलीचा डोंगर अजून हिरवागार असतो, ओढे वाहत असतात. शरदात आपल्याकडे पान गळत नाही. उलट दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून वाटतो ते हिरवंच असतं. (आणि बाजारात ढिगानं मिळतात ती बरीचशी पानं आपट्याची नसून कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त असतं, कांचनाचं मोठं आणि पातळ असतं. एवढी ओळख पटली तरी दर वर्षी कितीतरी कांचन ओरबाडले जायचे वाचतील.) आपली पानगळ शिशिरातली, म्हणजे माघ-फाल्गुनातली. आणि तिच्या पाठोपाठ, कित्येकदा तिच्यात मिसळूनच, येते ती चैत्रपालवी. बॉस्टनच्या माणसाला पानांचा रंग एकदाच दिसतो, पान जाताना. आपल्याला तो दोनदा दिसतो, जाताना आणि येताना. आणि येतानाचा रंग जास्त देखणा असतो, असं माझं ठाम मत आहे.

रंग येतो कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण झाड निवडताना त्याचा उपयोग होतो. पान म्हातारं झालं की झाड त्यातलं कामाचं द्रव्य परत घेतं. नत्र आणि स्फुरद फांदीत ओढून घेतलं जातं, हरितद्रव्य मोडतं. पानात आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी द्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइडं, हिरवा पडदा गेल्यावर उघडी पडतात. लाल रंगाची गोष्ट वेगळी आहे. अँथोसायनिन नावाचं ते द्रव्य झाड त्या वेळी नव्यानं तयार करतं. लख्ख ऊन आणि रात्रीचा गारवा असला की ते जास्त तयार होतं. म्हणून एकाच बदामाची उन्हातली बाजू लाल होते आणि भिंतीच्या सावलीतली बाजू पिवळी पडून गळते. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तिथून पान सुटतं.

थंड देशांत या सगळ्याला इशारा मिळतो तो लहान होत जाणाऱ्या दिवसाचा आणि थंडीचा. बॉस्टनला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस नऊ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वापंधरा तासांचा. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत. आपले दिवस अकरा तासांपासून सव्वातेरा तासांपर्यंतच हलतात, आणि बर्फ पडायचा प्रश्नच नाही. आपल्या झाडांना पान टाकायला लावते ती तहान. ठाणे जिल्ह्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो. पुढचे आठ महिने झाडाला साठवणीवर काढायचे असतात. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट, म्हणून ती वाट बंद केली जाते.

मग भर उन्हात, पावसाला तीन महिने असताना, चैत्रात नवी पानं फुटतात कशी? हे कोडं शास्त्रज्ञांनाही होतं. २००६ साली स्टीफन इलियट, पॅट्रिक बेकर आणि रॉल्फ बोर्शर्ट यांनी थायलंड आणि दक्षिण भारतातल्या जंगलांचा अभ्यास करून दाखवलं, की यातली बरीच झाडं वसंतसंपाताच्या आसपास, दिवस वाढू लागल्याच्या इशाऱ्यानं, खोडात आणि खोल मुळांशी असलेल्या पाण्याच्या जोरावर पालवतात. पाऊस पडेल तेव्हा झाडावर पूर्ण वाढलेली, कामाला तयार पानं असावीत, ही त्यांची रीत. गुढीपाडवा आणि वसंतसंपात हे दोन्ही तीन-चार आठवड्यांच्या आतबाहेर येतात, आणि आपल्या वाडवडिलांनी वर्षाची सुरुवात पालवीबरोबर केली, हे मला फार सुंदर वाटतं. पाडव्याला कडुनिंबाची जी कोवळी पानं आपण गुळाबरोबर खातो ती ताजी असताना बघा, त्यांची टोकं तांबूस असतात. कोवळ्या पानातलं हे तांबडं द्रव्य म्हणजे तेच अँथोसायनिन. कडक उन्हापासून आणि किडी-बुरशीपासून ते कोवळ्या पानाला सांभाळतं असं मानलं जातं. पान जून झालं की तो तांबूसपणा ओसरतो आणि हिरवा रंग भरतो.

पालवीकडे बघायची दृष्टी आपल्याला नवी नाही. पल्लव, किसलय, पालवी, धुमारा, कोंब हे शब्द भाषेत काही उगाच जमा झालेले नाहीत. संस्कृतात अशोकाचं एक नाव 'ताम्रपल्लव' असं आहे. म्हणजे ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना त्या झाडाचं फूल जेवढं दिसलं तेवढंच पानही दिसलं होतं. कलशावर आम्रपल्लव, दारावर तोरण, महादेवाला बेल, दसऱ्याला आपटा. आपल्या घरातला मान फुलाइतकाच पानाला आहे. या परंपरेत झाड निवडायचं ते देवासाठी, औषधासाठी, सावलीसाठी. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे १०६०चा शिलालेख आहे. इतक्या जुन्या वस्तीत मंदिर, नदी आणि झाड यांची सांगड किती जुनी असेल, याचा अंदाज त्या दगडांसमोर उभं राहिलं की येतो.

दुसरी परंपरा वनस्पतिशास्त्रज्ञांची आणि साहेबी बागांची. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला, टॅलबॉट यांचा वनवृक्षांवरचा त्यानंतर लगेच. ही कामं आजही आधाराला लागतात. पुढं १९३७ साली ब्लॅटर आणि मिलार्ड यांचं सुंदर भारतीय वृक्षांवरचं पुस्तक आलं, १९५०मध्ये कोवेन यांचं फुलणाऱ्या झाडांवरचं, मग रंधावा यांचं. या सगळ्यांनी शहरांना झाडं लावायला शिकवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण बागेची जी चव त्यातून घडली ती फुलाची. मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेचा पर्जन्यवृक्ष, पिवळा पेल्टोफोरम यांनी आपले रस्ते भरले. फूल थोडे दिवस राहतं, पान वर्षातला बराच काळ. तरी झाड निवडताना पान कुणी विचारातच घेतलं नाही. नर्सरीत आजही पहिला प्रश्न 'याला फुलं कोणत्या रंगाची येतात?' असाच असतो.

तिसरी वाट मराठी लेखकांनी पाडली. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६चं. महिन्यामहिन्यानं झाडाकडे बघायला या पुस्तकानं शिकवलं. डॉ. शरदिनी डहाणूकर पेशानं डॉक्टर, पण झाडांवर त्यांनी ज्या आपुलकीनं लिहिलं त्यामुळं माझ्या पिढीतल्या कितीतरी जणी रस्त्यात थांबून वर बघायला लागल्या. प्रा. श्री. द. महाजनांनी देशी आणि विदेशी वृक्षांची ओळख इतकी नेमकी करून दिली की त्यांची पुस्तकं पिशवीत घालूनच आम्ही फिरायचो. देशी झाडं लावा, हा आग्रह या वाटेवरून चळवळीपर्यंत पोचला. मी त्याच घरातली. फक्त एका बाबतीत माझं जरा वेगळं मत आहे. बदाम मूळचा समुद्रकाठचा, आपल्या डोंगरातला नाही, म्हणून काही मित्र त्याला नाक मुरडतात. मला वाटतं, एवढी वर्षं ज्या झाडानं बॅरकी, चाळी आणि शाळांची मैदानं सांभाळली, ज्याच्या फळांसाठी वटवाघळं येतात आणि ज्याच्या आठळ्या दगडानं फोडून मुलांनी आतला दाणा खाल्ला, ते आता इथलंच आहे. मासे पाळणारी मुलं त्याची वाळलेली पानं टाकीतल्या पाण्यात घालतात, हा तर आणखी नवा ऋणानुबंध.

आणि चौथी परंपरा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, बिल्डरच्या बागेची. क्रोटन, अकॅलिफा, ड्रासिना, आणि थरांच्या फांद्यांचा, बारीक पानांचा मादागास्करचा बदाम, म्हणजे टर्मिनालिया मँटली. झटपट वाढणारा कोनोकार्पसही यातलाच. गुजरात सरकारनं २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. या बागेत पानांना रंग आहे, पण तो बाराही महिने तोच. क्रोटनचं पान जानेवारीत जसं तसंच ऑगस्टात. बाल्कनीत कुंडी ठेवायची असेल तर क्रोटन जरूर ठेवा, माझंही आहे. पण रंग बदलताना बघणं हे जे सुख आहे ते त्यात मिळत नाही, आणि या पुस्तकाचा विषय तो बदल हाच आहे.

हे आत्ताच लिहायची निकड का वाटली, तेही सांगते. आमचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या बॅरकी मिळाल्या आणि १९४९ साली उल्हास नदीवरून गावाचं नाव पडलं. १३ चौरस किलोमीटरच्या त्या गावात २०११च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं होती. आता बॅरकी पाडून टॉवर होत आहेत, अंबरनाथ-बदलापूरकडे तर डोंगराच्या पायथ्यापर्यंत इमारती गेल्या. प्रत्येक नव्या आवारात पेव्हर ब्लॉक, खाली गाड्या, आणि कुंपणाला लागून चार-पाच फुटांची मातीची पट्टी उरते. तेवढ्या पट्टीत काय लावायचं हा निर्णय एका बैठकीत, बहुधा घाईत होतो, आणि तो पुढची पन्नास वर्षं टिकतो. राज्याच्या १९७५च्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं. म्हणजे आज आपण जे लावू ते २०७५च्या सुमाराला वारसा होईल. ते मँटली असावं की कोशिंब, याचा विचार आज करायला नको का?

याच निकडीला एक दुखरी बाजू आहे. मी राहत होते त्या एका सोसायटीत बदामाचं चांगलं तीन मजली झाड होतं. 'पानांचा कचरा होतो' अशी तक्रार आली, आणि ऐन जानेवारीत, पानं नुकती लाल होऊ लागली असताना, छाटणीच्या नावाखाली त्याचे दोन ठोकळे उरले. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये लाल पानांचा ढीग पडला होता आणि त्याला कुणीतरी काडी लावली. त्या उन्हाळ्यात दुपारी त्या जागी पाय ठेववत नव्हता. पाचोळा म्हणजे कचरा ही समजूत घालवल्याशिवाय रंग बदलणारं झाड आपल्या वस्तीत टिकणार नाही. ज्याला रंग हवा त्यानं पाचोळ्याची सोय आधी करावी. कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांचा विटांचा हौद पुरतो. वर्षभरात त्याचं खत होतं.

आता निवडीबद्दल. कल्याणपासून बदलापूर-वांगणीपर्यंतचा पट्टा, त्याला लागून असलेलं बारवीचं आणि कोंडेश्वरचं रान, एवढीच माझी शीव. या शिवेत रंगासाठी एकच झाड लावायला जागा असेल, तर मी तामण सांगेन. आपलं राज्यफूल. एप्रिल-मे महिन्यांतली त्याची जांभळी फुलं सगळ्यांना माहीत असतात, पण जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं गळण्याआधी तांबडी-केशरी होतात याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मूळचं नदीकाठचं झाड, त्यामुळं पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं तरी कुरकुरत नाही. उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या सखल जागांना असंच झाड हवं. दहा ते पंधरा मीटरच्या आत राहतं.

पण माझा जीव आहे तो कोशिंबावर. याला कुसुम किंवा कुसुंबही म्हणतात. मार्च महिन्यात कर्जतच्या गाडीत डाव्या-उजव्या डोंगरांकडे बघत जा. राखाडी-तपकिरी रानात एखादंच झाड रक्तासारखं लाल दिसेल. पळस फुलला असेल असं वाटतं, जवळ गेलं की कळतं, हे फूल नाही, पान आहे. मी पहिल्यांदा बारवीच्या रानात त्याच्याखाली उभी राहिले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. एक डहाळी हाताशी होती. एका देठावर पानांच्या तीन जोड्या, देठाजवळची जोडी सगळ्यांत लहान, टोकाची सगळ्यांत मोठी. पान इतकं पातळ आणि चकचकीत की उन्हाकडे धरल्यावर शिरांचं जाळं काचेवर काढल्यासारखं दिसलं, आणि माझ्या तळहातावर लाल उजेड पडला. तीन-चार दिवसांनी पुन्हा गेले तर तोच लाल जरा शेंदरी झाला होता, पुढच्या रविवारी त्यात तांबूस हिरवा शिरला होता. पंधरा-वीस दिवसांत सगळा खेळ आटोपतो. ज्याला मोठं आवार आहे, शाळेचं मैदान आहे, स्मशानाची किंवा देवळाची जागा आहे, त्यानं कोशिंब लावावा. हळू वाढतो, पण सावकारासारखा पिढ्यान् पिढ्या पुरतो. कुसुमी लाख याच झाडावर तयार होते.

कोशिंबाखालच्या त्या पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकले. लाल पानाचं देखणेपण पाठीमागून येणाऱ्या उन्हात आहे. त्याच पानावर समोरून ऊन पडलं की ते मंद दिसतं. म्हणून झाडाची जागा ठरवताना आधी आपण बसतो कुठं ते ठरवा. सकाळी चहा घेत ओसरीवर बसणाऱ्यानं झाड पूर्वेला लावावं, संध्याकाळी बाल्कनीत येणाऱ्यानं पश्चिमेला. नर्सरीवाले हे सांगत नाहीत.

लहान आवारासाठी सीताअशोक. भिंतीलगत सरळसोट उभा असतो तो हिरवा अशोक वेगळा, हा खरा अशोक. सहा ते नऊ मीटर उंचीचा, इमारतीची अर्धी सावली चालणारा, ओल मागणारा. त्याची कोवळी पानं फांदीच्या टोकाला झुपक्यानं लोंबतात, गुलाबी-तांबूस, ओल्या रेशमासारखी निर्जीव. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झाड सुकलं. घाबरून पाणी घालत सुटू नका, पंधरवड्यात ती ताठ होऊन हिरवी होतात. मुंबईत १८६२मध्ये सुरू झालेल्या राणीच्या बागेत हा अशोक बघायला मिळतो.

बाकीच्यांची ओझरती ओळख एवढीच. कुंभा हिवाळा सरताना लाल होतो. आपल्या डोंगरांतला, जाड सालीचा, वणव्यालाही दाद न देणारा, पण नर्सरीत सहसा मिळत नाही. काकडही गळण्याआधी छान रंगतो. मोह मार्च-एप्रिलात तांबूस पालवतो, त्याला मोठी जागा लागते. बाहव्याची नवी पानं तांब्यासारखी असतात आणि त्यांच्या आगेमागेच पिवळी फुलं येतात, त्यामुळं एकाच झाडात दोन सोहळे मिळतात. करंजाचं कौतुक मला वेगळं करायचं आहे. त्याला लाल रंग नाही, पण एप्रिलात चार-सहा दिवसांत फुटणारा त्याचा पोपटी रंग इतका ओला असतो की उकाड्यात नुसतं बघून डोळे निवतात. कडुनिंब कोकणच्या पावसात देशावरच्याइतका रमत नाही, तरी कोरड्या, उंच जागी जरूर लावावा. पिंपळाची कोवळी पानं विसरणं शक्य नाही, पण इमारतीपासून लांब, मोकळ्या पारावरच. खाडीकाठी गेव्याची लाल पानं दिसली तर लांबूनच बघा. त्याचा चीक डोळ्याला घातक आहे, ते घरी लावायचं झाड नाही.

आणि बदलापूरचं जांभूळ. त्याच्या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण फळासाठी लावलेल्या झाडाची पालवीसुद्धा तांबूस असते. आंब्याचंही तसंच. हापूसवाले बागायतदार थंडीत पालवी फुटली की धास्तावतात, कारण पालवी आली तिथं मोहोर येत नाही. त्यांचं बरोबर आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. घराच्या आवारात ज्याचा एकच आंबा आहे, त्यानं मात्र दोन्हींचं स्वागत करावं.

या पुस्तकात झाडं वर्णानुक्रमानं किंवा कुळांप्रमाणं लावलेली नाहीत. ती पौषापासून ज्येष्ठापर्यंत, रंग चढण्याच्या क्रमानं येतात, म्हणजे वाचकानं त्या त्या महिन्यात पुस्तक हातात घेऊन बाहेर पडावं. प्रत्येक झाडाबरोबर त्याला लागणारी जागा, पाण्याची गरज, पाचोळा किती पडतो आणि ते या पट्ट्यात कुठं बघायला मिळेल हे दिलं आहे. शास्त्रीय नावं देवनागरीत दिली आहेत, कारण ठाकर, कातकरी, कोळी आणि आगरी माणसांच्या बोलीत एकाच झाडाची चार नावं असतात, आणि नर्सरीत पाचवंच असतं. तारखा माझ्या टिपणवहीतल्या आहेत, त्या विठ्ठलवाडी ते वांगणीच्या आहेत. नाशिक-पुण्याच्या वाचकानं त्या जशाच्या तशा धरू नयेत. एखाद्या वर्षी थंडी लांबली की आठ-पंधरा दिवस पुढंमागं होतात, आणि एकाच रस्त्यावरचे दोन बदाम कधी एकत्र रंगत नाहीत. आपल्या आवडीच्या झाडाच्या एका डहाळीला सुतळी बांधून दर आठवड्याला तेवढ्याच पानांची नोंद ठेवलीत, तर माझ्या नोंदींपेक्षा तुमची वही जास्त खरी होईल.

झाड पावसाळ्यात लावायचं असलं, तरी खड्डा एप्रिलातच खणा. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. इथला मुरूम कठीण असतो, पहार लागेल. महिनाभर तो उन्हात उघडा तापू द्या. मेच्या शेवटी तळाला बदामाचा किंवा जो मिळेल तो पाचोळा वीतभर दाबून घाला, वर कुजलेलं शेणखत आणि खणलेली माती निम्मी निम्मी, आणि भर जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा म्हणजे जुलैत पाणी साचणार नाही. पहिले दोन पाऊस जमिनीत मुरू द्या. मग रोप लावा.